दीडशे मीटर

१

मी माणसांना गाडी चालवायला शिकवतो. गेली एकोणीस वर्षं हेच करतो आहे, आणि या एकोणीस वर्षांत माझ्या नावावर साधं नो-पार्किंगचंही चलान नव्हतं. ही बढाई नाही, आमच्या धंद्यातली अट आहे. शिकवणाऱ्याचा परवाना वेगळा असतो आणि त्याचे नियम कडक असतात. वर्षभरात तीन गंभीर चलानं झाली की तो कायमचा रद्द होतो. मग तुम्ही उरता एक पन्नाशीचा माणूस, ज्याला दुसरं काहीही येत नाही.

त्या सोमवारी सकाळी पोस्टमनने आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या काउंटरवर एक पाकीट ठेवलं. वाहतूक शाखेचं होतं. गुन्हा: आगीच्या बंबामागे विहित अंतरापेक्षा कमी अंतर ठेवून वाहन चालवणे. विहित अंतर दीडशे मीटर. प्रत्यक्ष अंतर चाळीस मीटर.

मला आधी हसूच आलं. कारण हा माझा आवडता धडा. प्रत्येक नव्या बॅचला मी पहिल्या आठवड्यात हेच घोकायला लावतो. बंबाचा आवाज आला की गाडी डावीकडे घ्या, थांबा, त्याला जाऊ द्या. आणि तो मोकळा रस्ता करत चाललाय म्हणून लगेच त्याच्या शेपटीला लटकू नका. विजेच्या दोन खांबांत तीस मीटर असतात. बंब पाच खांब पुढे गेला की मग निघा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं माझ्याबाबतीत कुणी म्हणू नये म्हणून मी एरवी सायकलवर असलो तरी पाच खांब मोजतो.

पाकिटात दोन फोटो होते. एक मागून काढलेला, एक समोरून. मागच्या फोटोत आमची पांढरी गाडी, टपावर स्कूलची पाटी, बंपरला एका विद्यार्थ्याने भिंतीला ठोकून आणलेला पोचा. पुढे लाल बंब, त्याच्या पाठीवर सात नंबर. समोरच्या फोटोत स्टिअरिंगवर मी.

वेळ गुरुवारी अकरा शेहेचाळीस. गुरुवारी अकरा शेहेचाळीसला मी सरावाच्या मैदानावर एका मुख्याध्यापिका बाईंना रिव्हर्स शिकवत होतो. हजेरीवर त्यांची सही आहे. शिवाय कामाच्या वेळात मी स्टिअरिंगवर कधी बसतच नाही. माझी जागा डावीकडची, पायाखाली दुसरा ब्रेक असतो तिथली.

२

सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे ऐकून होतो. पण मला सहा महिने थांबायला सांगणाराही कुणी भेटेना. वाहतूक शाखेत तक्रारीची खिडकी चार नंबरची. चार नंबरवर गेलो तर तिथला माणूस म्हणाला, फोटो असलेली चलानं नऊ नंबरला. नऊ नंबरवर पाटी होती: 'कृपया चार नंबरवर चौकशी करावी.' दोन फेऱ्या झाल्यावर नऊ नंबरच्या मागे बसलेल्या बाईंना माझी दया आली असावी. चष्मा कपाळावर, समोर स्क्रीन, बाजूला डब्याची पिशवी.

"गाडी तुमचीच ना?" त्यांनी विचारलं.

"गाडी माझीच. पण ती तिथे नव्हती."

"हा माणूस कोण मग?"

"मीच आहे."

"मग?"

"मीही तिथे नव्हतो, बाई."

त्यांनी चष्मा खाली ओढून माझ्याकडे पाहिलं. हजेरीची वही मी पुढे सरकवली. त्यांनी ती उघडलीही नाही. "वहीत काहीही लिहिता येतं हो," त्या शांतपणे म्हणाल्या. "फोटोत नाही लिहिता येत. अर्ज देऊन ठेवा, चौकशी होईल. तोवर बंबापासून लांब राहा म्हणजे झालं."

एकोणीस वर्षं मी जगाला जे सांगत आलो, ते ही बाई मला सांगत होती. अर्ज लिहिताना माझ्या हातून दोनदा कागद फाटला.

३

आमचं घर एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गोदाम, वर तीन मजले. बायकोचा पाय महिन्यापूर्वी बाथरूममध्ये घसरून मोडला होता. मांडीपर्यंत प्लास्टर, त्यामुळे ती दिवसभर खिडकीजवळच्या पलंगावर. मी आठला निघायचो आणि दोनला जेवायला परत यायचो. मधले सहा तास तिला घड्याळ, रेडिओ आणि खालच्या गल्लीतली भांडणं एवढीच करमणूक. म्हणून चलानाचे फोटो तिच्या हाती पडले तेव्हा तिने भिंग मागवलं. तिला असलं काही मिळालं की सोडत नाही.

"अहो," बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तुम्ही रडताय."

"काच चमकलीय. उन्हात असं दिसतं."

"वीस वर्षं बघतेय हा चेहरा. चिडलात की नाक फुगतं. इथे नाक फुगलेलं नाही. तोंड उघडं आहे बघा. काहीतरी ओरडताय."

"अगं, चेहऱ्याचं काय घेऊन बसलीस? अंतर बघ, अंतर. चाळीस मीटर म्हणे. आमच्या गाडीचा वेग आणि बंबाचा वेग, दोन्हीचा हिशेब केला तर हे शक्यच नाही."

"पण मग हे कोण?"

उत्तर नसलं की मला माणसांचा राग येतो, आणि जवळ तीच होती. मी ताट सिंकमध्ये जरा जोरातच ठेवलं. फोटो तिने उशीखाली ठेवून दिला.

नवव्या दिवशी दुसरं पाकीट आलं. तीच वेळ, अकरा शेहेचाळीस. तोच सात नंबरचा बंब. प्रत्यक्ष अंतर बारा मीटर.

या वेळी मला हसू आलं नाही. तिसरं आलं की संपलं. दुकानाचं भाडं, तिच्या पायाचं ऑपरेशन, सगळं त्या एका परवान्यावर चाललेलं होतं. फोटोत माझ्या अंगात निळा शर्ट होता. तसला शर्ट माझ्याकडे नव्हताच, हे मी तिला विजयाने दाखवलं. ती मात्र रस्ता बघत होती. "पहिला फोटो स्टेशनच्या पुलापाशी. हा तलावाच्या कोपऱ्यावर. अहो, हे दोघं आपल्या बाजूला येताहेत."

"रस्ते कुठल्यातरी बाजूलाच जाणार ना," मी म्हणालो. पुढच्या आठवड्यात तिच्या भावाने तिला बघायला येताना माझ्यासाठी शर्ट आणला. निळा होता. मी तो कपाटात तळाशी टाकला, आणि शर्टांमध्ये निळा हा सगळ्यात जास्त खपणारा रंग आहे, अशी स्वतःची समजूत घातली.

४

मी फायर स्टेशनला गेलो. मोठ्या दाराच्या आत तीन बंब उभे होते, आणि बाजूच्या शेडमध्ये चौथा, पोट उघडून ठेवलेला. त्याच्या पाठीवर सात नंबर.

ड्यूटीवरचे अधिकारी माझ्याच वयाचे होते. मनगटावर जुना भाजल्याचा डाग. त्यांनी वर्दीचं रजिस्टर काढलं, म्हणजे आगीची खबर आली की वेळ आणि पत्ता लिहितात ते. बोट फिरवत ते म्हणाले, "या दोन्ही दिवशी त्या वेळेला वर्दीच नाही. आणि सात नंबरचा पंप दीड महिना बंद आहे. तो इथून हललेला नाही."

माझा जीव भांड्यात पडला. "हे मला लिहून द्या."

"देतो की." ते लिहू लागले आणि मध्येच थांबून त्यांनी माझा फोटो पुन्हा हातात घेतला. "एक सांगू? आमच्या मागे चिकटून येणारे दोन प्रकारचे असतात. एक ते, ज्यांना सिग्नल चुकवायचे असतात. त्यांचे नंबर आम्ही आनंदाने पोलिसांना देतो."

"आणि दुसरे?"

"ज्यांच्या घरी आम्ही चाललेलो असतो. त्यांचे नंबर कुणी घेत नाही." ते फोटोकडेच बघत होते. "हा माणूस सिग्नल चुकवणारा दिसत नाही."

मला त्या क्षणी त्या माणसाची चीड आली. मी पुरावा मागायला गेलो होतो आणि जो तो माझा चेहरा वाचत बसला होता. मी कागदावर शिक्का मारून घेतला आणि बाहेर पडलो. शेडजवळून जाताना सात नंबरच्या बंबाच्या पाठीला हात लावून पाहिला. पत्रा गार होता. हात का लावला, ते मलाही सांगता येत नाही.

५

शिक्क्याचा कागद घेऊन नऊ नंबरची खिडकी गाठली. चौकशी चालू आहे, असं उत्तर मिळालं. पालथ्या घड्यावर पाणी. मग मी माझ्यापुरता बंदोबस्त केला. रोज साडेअकरा ते बारा गाडी मैदानावर उभी, इंजिन बंद, किल्ली माझ्या खिशात आणि साक्षीला एक विद्यार्थी.

साक्षीला बहुतेक वेळा मुख्याध्यापिका बाईच असायच्या. निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं, उंची जेमतेम पाच फूट, शिस्त अशी की मी हात न दाखवता वळायला सांगितलं तर मलाच दटावायच्या. सीट पार पुढे ओढून, पाठीला उशी लावून बसायच्या. त्या अर्ध्या तासात आम्ही झाडाखालच्या बाकावर बसून नियमांचं पुस्तक वाचायचो. गाडी पंचवीस पावलांवर, डोळ्यांसमोर.

एका बुधवारी पाणी प्यायला आम्ही दोघं नळापाशी गेलो. दोन मिनिटं, फार तर तीन. गाडीला पाठ झाली होती तेवढीच. परत येऊन बाई स्टिअरिंगवर बसायला गेल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

"सर, माझी सीट मागे कुणी केली?"

सीट पूर्ण मागे होती. माझ्या पायांना लागते तेवढी. उशी मागच्या बाजूला फेकलेली. मी बॉनेटवर हात ठेवला आणि चटकन उचलला.

"ऊन आहे," मी म्हणालो.

"गाडी सावलीत आहे, सर."

"मघाशी उन्हात होती. सीटचा खटका सैल झालाय, दाखवून घेतो." मी काच खाली केली, कारण आत जळल्याचा वास येत होता. क्लच घासला की असाच वास येतो; शिकाऊ लोक रोज क्लच घासतात. बाईंनी मात्र नाकाला रुमाल लावला होता आणि त्या माझ्याकडे बघत होत्या, मुलगा खोटं बोलतोय हे ओळखलेल्या शिक्षिकेसारख्या. घरी मी यातलं काही सांगितलं नाही. तिने विचारलं, आज शेहेचाळीसला काय झालं? म्हटलं, काय व्हायचंय. ती म्हणाली, तुम्ही हल्ली माझ्याशी बोलताना पण अंतर ठेवून बोलता. मला ते लागलं, पण मी वादच नको म्हणून बाहेर जाऊन उभा राहिलो.

६

महिनाभर काही घडलं नाही. मग बाईंची परीक्षा दोन दिवसांवर आली आणि त्यांनी हट्ट धरला की मैदान पुरे, आता भर गर्दीत चालवायचं. मी घड्याळ पाहिलं. अकरा वाजले होते. साडेअकराच्या आत परत येऊ असं ठरवून निघालो. पण पुढे एक ट्रक आडवा झाला होता आणि सगळी रांग अडकली. मोकळे झालो तेव्हा आम्ही आमच्या घराजवळच्या मोठ्या सिग्नलला होतो आणि दिवा लाल होता. आमची गल्ली सिग्नलच्या पलीकडे, डाव्या हाताला, सात-आठ खांबांवर.

त्या दिवशी बाकीचे शर्ट धुवायला पडले होते, म्हणून मी तो निळा घातला होता. सकाळी बटणं लावताना मला त्याची आठवण झाली होती. वाटलं, फोटोला घाबरून उघडं फिरायचं का?

मागून बंबाचा आवाज आला.

"डावीकडे, मॅडम. शांतपणे. थांबा."

बाईंनी गाडी अगदी पुस्तकात लिहिल्यासारखी कडेला घेतली. बंब आमच्या उजवीकडून गेला. हवेचा दणका बसून गाडी हलली. त्याच्या पाठीवर सात नंबर होता, नवा रंग मारलेला. पंप दुरुस्त झाला असणार. त्यात नवल ते काय?

आणि त्याच्या मागे, हात लांब केला तर बंबाच्या शिडीला लागेल इतक्या जवळून, आमची गाडी गेली.

टपावर पाटी. बंपरला पोचा. स्टिअरिंगवर निळा शर्ट. तो एका हाताने हॉर्न दाबत होता, पण हॉर्नचा आवाज येत नव्हता. तोंड उघडं होतं. नाक फुगलेलं नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, तो बंबाच्याही पुढे कुठेतरी, वर, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर बघत होता. लाल दिवा तोडून दोघं गेले. वरच्या कॅमेऱ्याचा पांढरा प्रकाश एकदा चमकला.

पहिला विचार माझ्या मनात आला तो मी इथे लिहितो, कारण खोटं लिहून आता काही मिळणार नाही. मला वाटलं, आलं तिसरं चलान. पण या वेळी माझ्याजवळ साक्षीदार आहे आणि मी रेषेच्या आत उभा आहे.

"सर," बाई म्हणाल्या, "बंब तुमच्या गल्लीत वळला का?"

"गल्लीत चाळीस घरं आहेत, मॅडम."

दिवा हिरवा झाला. बाईंनी क्लच सोडला आणि मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी हिसका खाऊन बंद पडली.

"पाच खांब होऊ द्या," मी म्हणालो. "तो गल्लीत वळलाय, म्हणजे पुढे कुठे उभा आहे ते आपल्याला दिसत नाही. दिसत नसेल तर थांबायचं."

"सर, चला तिकडे. मी सांगते म्हणून चला."

"परीक्षेत असं केलंत तर नापास करतील."

दिवा पुन्हा लाल झाला. मागचे लोक शिव्या देत बाजूने निघून गेले. समोरच्या खणात माझा फोन थरथरत होता. शिकवताना फोन खणात ठेवायचा, हा नियम माझाच. तो थरथरायचा थांबला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. बाईंनी खण उघडायला हात पुढे केला. मी म्हणालो, "दोन्ही हात स्टिअरिंगवर." त्यांनी हात मागे घेतले. एक हिरवा गेला, दुसरा गेला. घरांच्या वर धूर दिसायला लागला, आधी पांढरट, मग काळा. पुठ्ठा जळताना असाच काळा धूर येतो. मी खांब मोजत होतो आणि पाचच्या पुढे माझी मोजणी जात नव्हती. माझा पाय ब्रेकवरून उचलायला शेवटी बाईंनी खाली वाकून दोन्ही हातांनी तो ओढला.

७

आता मी धाकट्या भावाकडे राहतो. फायर स्टेशनचे ते अधिकारी एकदा भेटायला आले होते. बराच वेळ त्यांनी पाण्याचा पेला नुसता हातात धरला. पुढचा जिना गोदामावरून जात असल्याने सुरुवातीलाच पेटला होता, हे त्यांनी सांगितलं. मागच्या बाजूला, दुधाच्या दुकानाच्या आतून, दुसरा जिना होता. तो त्यांच्या माणसांना सापडायला नऊ मिनिटं लागली. "घरचं कुणी सोबत असतं तर..." एवढं म्हणून ते उठले. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो नाही.

मी रोज टपालाची वाट बघत होतो. दीड महिन्याने वाहतूक शाखेचं पाकीट आलं. जुन्या पत्त्यावर जाऊन परत फिरलेलं, मग ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पोचलेलं. माझ्या अर्जाचा निकाल होता. 'चौकशीअंती असे आढळून आले आहे की, सदर वाहन व चालक घटनास्थळी उपस्थित नव्हते. सबब दोन्ही चलाने रद्द करण्यात येत असून अर्जदाराचा परवाना अबाधित राहील.'

मी कागद घेऊन नऊ नंबरच्या खिडकीवर गेलो. बाईंनी मला ओळखलं. "बघा," त्या म्हणाल्या, "उशीर झाला, पण झालं ना तुमचं काम?"

"तिसरं कुठे आहे?" मी विचारलं.

"तिसरं काय?"

मी तारीख सांगितली, सिग्नल सांगितला, वेळ सांगितली. आमच्या घराजवळचा, म्हणालो. कॅमेरा चमकलेला मी स्वतः पाहिलाय. गाडी बंबाला चिकटून होती, एक मीटरसुद्धा अंतर नव्हतं. लाल दिवा तोडला. चालक मीच होतो. मला चलान द्या, दंड करा, परवाना काढून घ्या. मी परवाना खिडकीतून आत सरकवला.

मागे रांगेतला माणूस चुकचुकला. बाईंनी परवान्याला हात लावला नाही. पण स्क्रीनवर त्यांनी काहीतरी शोधलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. बंब होता, सात नंबर. त्याच्या मागे लांबपर्यंत मोकळा रस्ता. आणि फोटोच्या कडेला, थांब्याच्या रेषेच्या आत, आमची पांढरी गाडी उभी होती. डावीकडच्या सीटवर मी दिसत होतो, सरळ बसलेला, पुढे बघणारा.

"मागे कुणीच नाहीये हो," बाई म्हणाल्या. "तुम्ही तर किती व्यवस्थित थांबलायत."

"अजून एकदा बघा," मी म्हणालो.

त्यांनी फोटो मोठा केला. रस्ता मोठा झाला, आणखी मोठा झाला, आणि शेवटी स्क्रीनभर नुसतं डांबर राहिलं. त्यांनी परवाना उचलून माझ्या हातात दिला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.